न मोजलेला चोथा

हरभऱ्याविषयीचे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून सुरुवात करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७१ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमणियन यांच्या या पुस्तकात १०० ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात ३.९ ग्रॅम तंतू असल्याची नोंद आहे. याच संस्थेने २०१७ साली नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत हा आकडा सुमारे २५ ग्रॅम आहे. ज्वारीचा आकडा १.६ वरून सुमारे १० वर गेला, हरभऱ्याच्या डाळीचा १.२ वरून सुमारे १५ वर.

मधल्या ४६ वर्षांत हरभरा एवढा बदलला काय? नवीन वाण आले हे खरे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर येथील संशोधन केंद्राने दिलेला ‘आकाश’ हा हरभऱ्याचा वाण मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. पण कोणत्याही वाणामुळे तंतू सहापट होत नाहीत. दाणा तोच होता. बदलली ती मोजपट्टी. या मोजपट्टीचा इतिहास पाहिला, तर विज्ञानात एखादी गोष्ट ‘निरुपयोगी’ कशी ठरते आणि पुन्हा उपयोगी कशी ठरते, हे चांगले कळते.

परभणी जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल टिकून राहते. त्या ओलीवर रब्बीत ज्वारी आणि हरभरा येतो. हिवाळ्यात हुरडा, हरभऱ्याचे ढाळे आणि ते भाजून केलेला हुळा. वर्षभर ज्वारीची भाकरी, उसळ, फुटाणे, घुगऱ्या. या जेवणात तंतू भरपूर. पण हरभऱ्याची डाळ केली की वेगळी वाटणी होते. डाळ आणि बेसन माणसाकडे येते, टरफल मात्र चुनी म्हणून गोठ्यात जाते. माणसाला डाळ आणि म्हशीला टरफल, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विचारण्यासारखे आहे असे वाटतच नाही. गंमत अशी की तंतूंची पहिली मोजपट्टीही गोठ्यातूनच आली.

जर्मनीत गटिंगेन शहराजवळ वेंडे या गावी पशुखाद्याचा अभ्यास करणारे केंद्र होते. तेथे हेन्नेबर्ग आणि श्टोमान या दोघांनी १८६० च्या सुमारास एक पद्धत बसवली. चाऱ्याचा नमुना आधी सौम्य आम्लात उकळायचा, मग सौम्य अल्कलीत उकळायचा. जे उरेल ते वाळवून तोलायचे, जाळायचे आणि राखेचे वजन वजा करायचे. राहिला तो ‘कच्चा तंतू’. पद्धत सोपी आणि स्वस्त होती, आणि कोणत्याही प्रयोगशाळेत उत्तर सारखे येत असे. त्यामुळे ती जगभर पसरली आणि पुढे माणसाच्या अन्नालाही लावली गेली. १९७१ च्या पुस्तकातील ३.९ हा आकडा या जातीचा आहे.

या पद्धतीतला दोष कोठे होता? आपल्या पोटात अन्न उकळत नाही. तेथे ३७ अंश तापमानाला विकरे काम करतात. ही विकरे स्टार्च आणि प्रथिने तोडतात. वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतील सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, पेक्टिन आणि लिग्निन यांना ती हात लावू शकत नाहीत. उकळत्या आम्लात व अल्कलीत मात्र हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन बव्हंशी विरघळून जातात, लिग्निनचाही मोठा भाग जातो. म्हणजे जे आपल्या आतड्यात न पचता पुढे जाते, त्यातले बरेचसे प्रयोगशाळेतील भांड्यातच नाहीसे होत होते. राहिलेला थोडासा चोथा तेवढा मोजला जाई आणि तो अगदीच थोडा दिसे.

थोडा, शिवाय निरुपयोगी. तंतूंपासून ऊर्जा नाही, प्रथिने नाहीत, जीवनसत्त्वे नाहीत. म्हणून पोषणशास्त्राच्या जमाखर्चात त्याला जागा नव्हती. लोकांना त्याचा परिणाम माहीत नव्हता असे नाही. चरकसंहितेत जवाचे वर्णन वात आणि मळ दोन्ही वाढवणारे धान्य असे आले आहे. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य वैद्यकाने या चोथ्याकडे आतड्यावरचा बोजा म्हणूनच पाहिले. मोठ्या आतड्याच्या भिंतीला फुगवट्यांसारख्या पिशव्या येण्याचा एक विकार आहे. तो झालेल्या रोग्याला चोथा कमी असलेला आहार देणे हाच कितीतरी वर्षे रूढ उपचार होता.

याविरुद्ध बोलणाऱ्यांत ब्रिटिश आरमारातील डॉक्टर टी. एल. क्लीव्ह हे एक होते. दुसऱ्या महायुद्धात ‘किंग जॉर्ज पंचम’ या युद्धनौकेवर असताना त्यांनी बद्धकोष्ठाने त्रासलेल्या खलाशांना गव्हाचा कोंडा खाऊ घातला. त्यांचा मुख्य रोख साखर आणि मैदा यांच्यावर होता. क्लीव्ह यांचे विचार १९६७ साली डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाच्या कानी आले. बर्किट यांनी युगांडात कंपाला येथे अनेक वर्षे शस्त्रक्रिया केल्या होत्या. इंग्लंडमध्ये रोज दिसणारे अॅपेंडिक्सचे, मूळव्याधीचे आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण तेथील खेड्यांत क्वचितच येत, हे त्यांनी पाहिले होते. क्लीव्ह यांच्यामुळे त्या निरीक्षणाला एक संभाव्य कारण मिळाले.

मग त्यांनी अगदी साधी मोजणी केली. माणसाला क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळायला द्यायच्या, त्यानंतरचा मळ पिशव्यांत जमा करून तोलायचा, आणि पिशव्यांचे क्ष-किरण चित्र घेऊन गोळ्या केव्हा बाहेर पडल्या ते पाहायचे. बर्किट, वॉकर आणि पेंटर यांचा हा निबंध १९७२ च्या डिसेंबरअखेर ‘लॅन्सेट’मध्ये आला. ब्रिटिश आरमारातील लोकांच्या मळाचे वजन दिवसाला सुमारे १०० ग्रॅम होते आणि अन्नाच्या प्रवासाला तीन दिवसांहून अधिक काळ लागत होता. युगांडातील खेडुतांच्या बाबतीत वजन सुमारे ४७० ग्रॅम आणि काळ सुमारे दीड दिवस. दिल्लीच्या टंडन आणि टंडन यांनी १९७५ साली उत्तर भारतीयांच्या मळाचे वजन सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास असल्याचे दाखवले. भारतीय माणूस आफ्रिकी खेडुताच्या जवळ होता.

त्याच १९७२ साली परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला आणि लोकांनी परदेशातून आलेल्या मिलोवर दिवस काढले. पोट भरणे हाच तेव्हा प्रश्न होता. अशा ठिकाणी न पचणाऱ्या चोथ्याचे कौतुक कोणाला सुचणार? तंतूंचे महत्त्व आधी पोटभर खाणाऱ्या देशांत कळले, यात नवल नाही.

चोथा आतड्यात करतो तरी काय? आरंभी समजूत अशी होती की तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, बस्स. १९८० साली केंब्रिजच्या अॅलिसन स्टीफन आणि जॉन कमिंग्ज यांनी मळाचे पृथक्करण करून दाखवले की त्याच्या कोरड्या भागातील निम्म्याहून अधिक वजन जिवाणूंचे असते. तंतूंचा काही भाग मोठ्या आतड्यातील जिवाणूंचे अन्न होतो; जिवाणू वाढतात आणि मळाचे आकारमान वाढते. या आंबण्यातून लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. म्हणजे ‘ऊर्जा नाही’ हे जुने विधानही पुरते खरे नव्हते. हरभरा खाल्ल्यावर पोटात होणारा वायू हा याच आंबण्याचा भाग. त्यातील रॅफिनोजसारख्या शर्करा तोडणारे विकर आपल्याजवळ नाही, म्हणून त्या थेट जिवाणूंपर्यंत पोहोचतात. हरभरे रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिले तर या शर्करा कमी होतात.

मोजपट्टीही सुधारली. नमुन्यावर आतड्यातल्यासारखी विकरे टाकायची, स्टार्च आणि प्रथिने काढून टाकायची आणि उरेल ते मोजायचे, अशी पद्धत १९८५ पासून अधिकृतपणे मान्य झाली. २०१७ च्या तक्त्यांतील आकडा या विचारातून आला आहे. गुरांच्या चाऱ्यासाठी केलेली पट्टी जाऊन माणसाच्या पोटासाठी केलेली पट्टी आली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बर्किट यांची तुलना दोन समाजांची होती, आणि दोन समाजांत आहाराखेरीज शंभर गोष्टी वेगळ्या असतात. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. टाटा स्मारक रुग्णालयाने १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. हा ज्वारीचा मुलूख, आणि तेथे मोठ्या आतड्याचा कर्करोग फार कमी आढळतो. भाकरीमुळे असे म्हणण्याचा मोह होतो. पण मांसाहार, लठ्ठपणा, शारीरिक श्रम, वयोमान, निदानाच्या सोयी हे सगळेच वेगळे आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सुमारे दोन हजार लोकांपैकी निम्म्यांना चार वर्षे तंतुयुक्त, कमी मेदाचा आहार दिला. आतड्यातील गाठी पुन्हा येण्याचे प्रमाण त्याने कमी झाले नाही. उलट २००३ साली युरोपातील पाच लाखांवर लोकांच्या पाहणीत अधिक तंतू खाणाऱ्यांत हा कर्करोग कमी दिसला. २०१९ साली ‘लॅन्सेट’मधील एका व्यापक आढाव्याने सगळा पुरावा एकत्र तपासला आणि दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह आणि आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण कमी असल्याचे म्हटले. शौचाला साफ होण्याबद्दलचा पुरावा भक्कम आहे. कर्करोगाबद्दलचा बऱ्यापैकी आहे, पण हरभरा हे काही औषध नव्हे.

वर्गात हा विषय घेताना एक प्रयोग सहज करता येईल. ५० ग्रॅम हरभरे रात्रभर भिजवा, सकाळी विद्यार्थ्यांकडून टरफले सोलून घ्या, वाळवा आणि तोला. मग तक्त्यावरून हिशेब करायला सांगा: ५० ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यातून सुमारे साडेबारा ग्रॅम तंतू मिळतात, तेवढ्याच डाळीतून सुमारे साडेसात. सडलेल्या १०० ग्रॅम तांदळातून तीनही मिळत नाहीत. विद्यार्थ्यांनी घरी विचारून आजी-आजोबांच्या वेळचे आणि आजचे दिवसभराचे जेवण लिहून काढावे आणि दोन्हींचा हिशेब मांडावा. भाकरीच्या जागी भात, मैद्याची बिस्किटे आणि पाव आल्यावर आकडा किती घसरतो, ते त्यांना स्वतःच दिसेल. सोबत हेही सांगावे, की उसळ हळूहळू वाढवावी आणि पाणी पुरेसे प्यावे, नाहीतर पोट फुगते. आणि शौचावाटे रक्त पडत असेल किंवा सवय एकाएकी बदलली असेल, तर घुगऱ्यांवर न विसंबता डॉक्टरांकडे जावे.

पाठ्यपुस्तकात कधी ‘यापासून पोषण मिळत नाही’ असे वाक्य आले, तर विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला शिकवावे: हे कोणी, कशाने आणि कोणाच्या पोटासाठी मोजले?