चालतंय की माझ्या मशीनवर!

मालवणात माझ्या मामाची बर्फाची फॅक्टरी आहे. फॅक्टरी म्हणजे फार मोठं काही नाही. मिठाच्या पाण्याची टाकी, त्यात उभे केलेले पत्र्याचे डबे आणि अमोनियाचा कॉम्प्रेसर. टाकीतलं खारं पाणी उणे ८-१० अंशांवर राहिलं की डब्यांतल्या पाण्याच्या लाद्या होतात आणि पहाटे त्या होड्यांवर चढतात. लाईट जाऊन आली तर कॉम्प्रेसर मात्र हाताने चालू करावा लागतो, आणि रात्री तिथे असणारा माणूसही शेवटी माणूसच, त्याचा डोळा लागतो.

गेल्या जुलैत, मासेमारी बंदीमुळे फॅक्टरी थंड (म्हणजे खरं तर गरम) असताना, मी मोठ्या उत्साहाने मामाला एक यंत्र बसवून दिलं. रास्पबेरी पाय, एक तापमानाचा सेन्सर आणि एक भोंगा. टाकी उणे ५ च्या वर गेली की भोंगा वाजणार. प्रोग्रॅम सी मध्ये. लॅपटॉपवर उणे आकड्यांची फाईल देऊन तपासला, पास. मग खऱ्या यंत्रावर भोंग्याची मर्यादा तात्पुरती १० अंश ठेवली आणि सेन्सर बर्फाच्या ग्लासात बुडवला. तेही पास. मी पुण्याला परत.

ऑगस्टमध्ये फॅक्टरी सुरू झाली आणि पहिल्याच रात्री मामाचा फोन. "अरे बाबू, तुजा ता यंत्र रातभर बोंबलता हा! मियां वायर काढून ठेवलंय."

पडद्यावर तापमान दिसत होतं २४७ अंश.

मी म्हटलं शनिवारी बघतो. त्याआधीच एका रात्री लाईट जाऊन आली, कॉम्प्रेसर बंदच राहिला, आणि सकाळी डब्यांत लाद्यांऐवजी गाळ. होड्या खोळंबल्या, मामाने दुसरीकडून बर्फ आणून दिला. मला एका शब्दाने बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

तर मंडळी, हे २४७ आलं कुठून? तापमान मी 'चार' या प्रकारात, म्हणजे एका बाइटमध्ये ठेवलं होतं. लॅपटॉपच्या इंटेल प्रोसेसरवर चार ला उणे आकडे कळतात. आर्म प्रोसेसरच्या लिनक्सवर कळत नाहीत, तिथे तो ० ते २५५. उणे ९ चे झाले २४७! आणि बर्फाच्या ग्लासात पाणी शून्याच्या खाली जातच नाही. म्हणजे उणे आकडे तपासले ते चुकीच्या मशीनवर, आणि योग्य मशीनवर तपासले ते फक्त अधिक आकडे. दोन्ही परीक्षा पास, निकाल नापास.

ही भानगड केव्हापासून आहे ते शोधत गेलो आणि विकांत त्यातच गेला.

सी भाषा १९७० च्या दशकात पीडीपी-११ वर वाढली. त्या मशीनवर बाइट रजिस्टरमध्ये घेतली की तिचं अधिक-उणे चिन्ह आपोआप पसरायचं. दुसऱ्या मशीनवर तसं नव्हतं. म्हणून १९८९ च्या प्रमाण सी ने हात वर केले: साध्या चार ला चिन्ह असावं की नसावं, ज्याचं त्याने ठरवावं. आर्मच्या सुरुवातीच्या चिप्समध्ये बाइट घेण्याची सूचना वरचे बिट सरळ शून्य करायची. चिन्हासकट बाइट घेण्याची सूचना नंतर, चौथ्या आवृत्तीत आली. तोवर बिनचिन्हाचं चार स्वस्त पडायचं, आणि तीच सवय लिनक्सपर्यंत आली. थोडक्यात, मामाचा बर्फ वितळला तो चाळीस वर्षांपूर्वीच्या काटकसरीमुळे. (आणि माझ्यामुळे, हे आहेच.)

गंमत म्हणजे आर्मचा जन्मच तपासणीतून झालाय. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८३ मध्ये काम सुरू केलं. चिप हातात येण्याआधीच तिचं मॉडेल बीबीसी बेसिकमध्ये लिहून चालवून बघितलं होतं. २६ एप्रिल १९८५ ला खरी चिप आली आणि पहिल्याच दिवशी चालली. फर्बर सांगतात की वीज किती लागते ते मोजायला मीटर लावला तर तो शून्य दाखवत होता. चिपला वीजजोडणी झालीच नव्हती, बाकीच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवरच ती चालत होती!

तेव्हा एकॉर्नचे लोक आपल्याच मशीनसाठी आपल्याच मशीनवर लिहायचे. १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्मची वेगळी कंपनी काढली आणि मग चिप खिशात गेली. १९९७ च्या नोकिया ६११० मध्ये आर्मच होतं. आपल्याकडे बंगलोरच्या सिम्प्युटरमध्येही (२००४ मध्ये तो 'अमिडा' नावाने बाजारात आला) स्ट्राँगआर्म आणि लिनक्स. पण फोनवर बसून फोनचा प्रोग्रॅम कोण लिहिणार? लिहायचं टेबलावरच्या पीसीवर आणि चालवायचं दुसरीकडे. माझं जे झालं ते इथूनच.

त्याच काळात दुसरीकडे कन्टिन्युअस इंटिग्रेशन जन्माला येत होतं. कोणी कोड बदलला रे बदलला की सगळं आपोआप बांधायचं आणि तपासायचं, रोज, दिवसातून दहादा. शब्द ग्रेडी बूचचा, १९९१ चा. सवय लावली केंट बेकने, क्रायस्लरच्या पगाराच्या प्रोजेक्टवर. त्याचं एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगचं पुस्तक आलं १९९९ मध्ये, क्रूझकंट्रोल २००१ मध्ये, आणि कोसुके कावागुचीचं हडसन २००५ मध्ये, तेच २०११ पासूनचं जेन्किन्स. पण या सगळ्यांत एक न बोललेलं गृहीत होतं: जिथे तपासतोय तसल्याच मशीनवर चालणार. सर्व्हरच्या जगात ते खरंही होतं.

आर्मवाल्यांना हे सुख नव्हतं. डेबियनने ऑगस्ट २००० मध्ये आर्मची आवृत्ती काढली. तिची हजारो पॅकेजेस खऱ्या आर्म मशीनवर आपोआप बांधली जायची, पण बांधलं म्हणजे तपासलं असं नाही. माझाही प्रोग्रॅम बिनतक्रार बांधला गेला होता. २००३ मध्ये फाब्रिस बेलारचं क्यूईएमयू आलं, म्हणजे पीसीवरच आर्मचं सोंग. माझी चूक त्यात सापडली असती. पण दोन प्रोसेसर कोअर एकाच वेळी मेमरीला हात घालतात तेव्हा आर्म क्रमाच्या बाबतीत बराच ढिला असतो आणि इंटेल कडक. इंटेलवर काढलेल्या सोंगात तसल्या चुका लपून राहतात.

२०११ मध्ये तर लिनक्सच्या आर्म विभागातल्या गोंधळाला लिनस टोरवाल्ड्स जाम वैतागला. प्रत्येक बोर्डाचा वेगळा संसार! २०१२ च्या ३.७ आवृत्तीपासून एकच कर्नल अनेक आर्म बोर्डांवर चालायला लागला. मग एक बदल केला तर तो पन्नास बोर्डांवर चालतो का, हे कोणीतरी बघायलाच हवं. त्यासाठी २०१४ च्या सुमाराला कर्नलसीआय उभं राहिलं. ठिकठिकाणच्या लॅबमध्ये खरे बोर्ड लावलेले, नवा कर्नल आला की आपोआप वीज चालू, बूट होतोय का बघ, निकाल कळव. मला विचाराल तर आर्मच्या तपासणीतला हा सगळ्यात मोठा टप्पा.

२०१९ मध्ये टोरवाल्ड्सने आणखी एक मुद्दा मांडला: डेव्हलपरच्या घरी आर्म मशीन नाही तोवर आर्म सर्व्हर जिंकणार नाहीत, कारण लोक घरी जे वापरतात तिथेच पाठवणं पसंत करतात. पुढच्याच वर्षी ॲपलचा एम१ आला, आणि ३१ जुलै २०२२ ला लिनसने स्वतः लिनक्स ५.१९ आर्म लॅपटॉपवरून प्रसिद्ध केलं. ट्रॅव्हिसने २०१९ मध्येच आर्मवर तपासायची सोय दिली होती. जानेवारी २०२५ पासून गिटहबनेही खुल्या प्रोजेक्टना आर्म मशीन फुकट द्यायला सुरुवात केली.

मग संपला का प्रश्न? मित्राच्या एम१ मॅकबुकवर माझा जुना प्रोग्रॅम चालवून बघितला. उत्तर आलं उणे ९. बरोबर! कारण ॲपलने आर्मवरसुद्धा चार ला चिन्ह दिलंय. म्हणजे माझ्याकडे एम१ असता तरी मामाचा भोंगा बोंबललाच असता. नुसतं 'आर्मवर तपासलं' पुरत नाही. जिथे चालायचंय तिथेच, आणि तिथे जे आकडे येणार त्याच आकड्यांवर तपासायचं. मालवणात कोणी होडी किनाऱ्यावर तपासत नाही, पाण्यात घालूनच बघतात. मी इंजिनिअर असून ग्लासात बघितलं.

दुरुस्ती एका शब्दाची, चार च्या आधी 'साइन्ड'. पण त्यानंतर एक काम केलं. माझ्या खोलीत कपाटावर एक जुना पाय कायमचा चालू ठेवलाय. कोड बदलला की आधी गिटहबच्या आर्म मशीनवर टेस्ट होतात आणि मग या पायवर, वर ३५ पासून खाली उणे २० पर्यंत प्रत्येक अंशाला. एकही आकडा चुकला तर मालवणला काही जात नाही.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा मामाने वायर परत जोडली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भोंग्याकडे. "आता बोंबललो तर उठू मां?"

म्हटलं, "होय मामा, आता उठा."