पुढची कोण?

आपल्या मैदानावर बाकाजवळ फक्कीने आखलेलं पाच फुटांचं वर्तुळ आठवतं? जिची पाळी पुढची, ती त्यात उभी राहून बॅट फिरवायची. या जागेला ‘ऑन डेक’ म्हणतात. खलाशांचा हा शब्द बेसबॉलमधून सॉफ्टबॉलमध्ये आला.

सॉफ्टबॉलचा जन्म मात्र चार भिंतींच्या आतला. १८८७ मध्ये शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये जॉर्ज हॅनकॉक यांनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह दोरीने आवळून चेंडू केला. बॅट म्हणजे झाडूचा दांडा. त्यात कुणाचं डोकं फुटणार? ‘सॉफ्टबॉल’ हे नाव १९२६ साली पडलं. पुढे चेंडू कडक झाला, नाव तेवढं मऊ राहिलं.

मग नियम आले. वाट पाहणाऱ्या मुलीनेही हेल्मेट घालावं. पूर्वी तिला आपल्याच बाकाजवळ थांबावं लागे. नंतर अमेरिकेतल्या नियमांनी फलंदाजाच्या पाठीमागचं वर्तुळ वापरायची मुभा दिली, म्हणजे फाउल चेंडू किंवा हातून सुटलेली बॅट अंगावर येण्याची भीती कमी. लिटल लीगने तर बारा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी ही जागाच काढून टाकली. पुढची मुलगी कुंपणाआड, हातात बॅटसुद्धा नाही. फक्त इनिंग सुरू करणारी बाहेर येऊ शकते.

मला हा नियम सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. सॉफ्टवेअरमध्येही ‘काळजी घ्या’ ही सूचना कोणी वाचत नाही. चूक करताच येणार नाही अशी सोय करावी लागते. २०१५ मध्ये अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटा इथे बेसबॉल सामन्यात बॅट उचलायला धावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला, सरावासाठी फिरवलेली बॅट लागली आणि तो गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं.

आमच्या वेळी संघाकडे हेल्मेट दोनच. एक फलंदाजाला, दुसरं पुढचीला. बेसवर धावणारी उघड्या डोक्याने. आंतरशालेय सामन्यांत पंचही काणाडोळा करत, कारण समोरच्या संघाचीही तीच गत. सर मात्र वर्तुळाबाबत हट्टी होते. कुणी बाहेर बॅट फिरवली की खेळ थांबवून तिला बाकावर बसवत, मग ती आमची सगळ्यात भरवशाची फलंदाज का असेना. एकदा त्यापायी उपांत्य सामना हातचा गेला. आम्ही आठवडाभर सरांवर रुसलो होतो!

गेल्या महिन्यात शाळेत गेले होते. संघात आता चौदा मुली आहेत, हेल्मेट तीन, आणि बाकासमोर जाळी नाही. फलंदाज, पुढची आणि तीन बेसवरच्या धरून किमान पाच हेल्मेट लागतात. संमेलनाच्या वर्गणीतून जे उरेल त्यातून आधी दोन हेल्मेट आणि जाळी घ्यावी, असं मी समितीला लिहून दिलं आहे. बाकाची लांबी वीस फूट भरली. जाळी सहा फूट उंच पुरेल.