केप्लर, वाइनचं पिंप आणि एक काठी

ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे १६०९ साली मांडणारा योहानेस केप्लर चारच वर्षांनी एका वाइनविक्रेत्याच्या काठीपुढे अडला!

१६१३ साली त्याने दुसरं लग्न केलं आणि ऑस्ट्रियातल्या लिंत्सच्या घरासाठी वाइनची पिंपं विकत घेतली. विक्रेता आला. आडव्या ठेवलेल्या पिंपाच्या मधल्या भोकातून त्याने खुणा केलेली काठी तिरकी आत घातली, झाकणाच्या खालच्या कडेला टेकवली, आकडा वाचला आणि किंमत सांगितली. बस्स! पिंप लांबट आहे की बुटकं, हे त्याने पाहिलंसुद्धा नाही. केप्लर चक्रावला. एका लांबीवरून घनफळ कसं कळणार?

शंका रास्त आहे. पिंप सरळ नळकांड्यासारखं धरून हिशेब करा. काठीवरचा आकडा तोच, पण पिंपाची लांबी व्यासाच्या तिप्पट असेल, तर वाइन जवळजवळ एक तृतीयांश कमी भरते. म्हणजे गिऱ्हाईक सरळसरळ फसलं.

पण केप्लर तिथेच थांबला नाही. पिंपं बनवतात कशी, हेही त्याने पाहिलं. ऑस्ट्रियातल्या कारागिरांची रीत ठरलेली होती: फळीची लांबी झाकणाच्या त्रिज्येच्या तिप्पट, म्हणजे व्यासाच्या दीडपट. आता गंमत बघा. काठीची तिरकी लांबी तीच ठेवली, तर सर्वांत जास्त घनफळ मिळतं ते लांबी व्यासाच्या सुमारे १.४१ पट असताना. दीडपट केली तरी फरक पाव टक्क्यापेक्षा कमी! कमाल मूल्याजवळ आकार थोडा चुकला तरी घनफळ फारसं हलत नाही, हे केप्लरच्या लक्षात आलं. त्यावर त्याने १६१५ साली लॅटिनमध्ये अख्खं पुस्तक लिहिलं आणि पुढच्या वर्षी व्यवहारात मोजमाप करणाऱ्यांसाठी जर्मन पुस्तक काढलं. कलनशास्त्राच्या इतिहासात आज या कामाची नोंद होते.

यातून आपण काय घ्यायचं? काठीचा खरेपणा एकट्या काठीत नव्हता. अर्धा कारागिराच्या रीतीत होता. संग्रहालयातल्या कपाटात फक्त काठी दिसते, रीत दिसत नाही. तीच काठी वेगळ्या घडणीच्या पिंपात घातली की खोटं बोलायला लागते.

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात अशा साधनांसाठी मी ‘ढोबळ’ हा शब्द वापरला होता. तो खोडला. तुम्हीही जुन्या साधनाला नाव ठेवण्याआधी एवढं विचारा: हे नेमकं कुठे वापरत होते, आणि कशावर?