टाय आधी कोणी काढायचा? जपानी कचेऱ्यांतील पोशाखबदलाचा इतिहास (थ्रेड)

१/ इराणमधील क्रांतीनंतर १९७९ मध्ये जगभर तेलाचे भाव भडकले. वातानुकूलनावरील वीज वाचावी म्हणून जपान सरकारने नोकरदारांसाठी अर्ध्या बाह्यांच्या सुटाचा पुरस्कार केला. पंतप्रधान मासायोशी ओहिरा यांनी तो स्वतः परिधान केला. तरीही लोकांनी तो स्वीकारला नाही.

२/ २००५ च्या उन्हाळ्यात पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी ‘कूल बिझ’ मोहीम आणली. कचेरीचे तापमान २८ अंश. कोट नको, टायही नको. पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी टायविना वावरू लागले. या वेळी मात्र मोहीम रुजली.

३/ असे का? पंतप्रधान दोन्ही वेळी अग्रभागी होते. भेद कपड्यांत होता. ओहिरांचा सूट नवा घ्यावा लागे आणि तो घालणारा चारचौघांत विचित्र दिसे. ‘कूल बिझ’साठी कपाटातला नेहमीचा सदरा पुरेसा होता. साहेबांपुढे टाय काढण्याचा संकोच होता, तो सरकारी आवाहनाने सैल केला.

४/ २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर वीजटंचाई उद्भवली, तेव्हा पर्यावरण मंत्रालयात पोलो आणि अलोहा शर्टही चालू लागले. उघड्या गळ्याने कामावर येणे हा तोवर कोणाचा अवमान उरला नव्हता.