बटबटीत डोळ्यांचे पाहुणे

परग्रहावरचा प्राणी काढा म्हटले, की आमच्या मुलुंडकडची शाळकरी पोरे माशीचे डोळे आणि झुरळाच्या मिशा काढून मोकळी होतात. ह्या प्राण्याचे कूळ मात्र फारसे जुने नाही.

एच. जी. वेल्सची मंगळावरच्या स्वारीची कादंबरी १८९७ साली लंडनच्या ‘पिअर्सन्स मॅगझिन’मधून क्रमशः येऊ लागली. त्याचे मंगळवासी म्हणजे मोठाले काळे डोळे, चाबकासारखे सोळा शुंडे आणि माणसाच्या रक्तावर पोसणारे देह. पण पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला टास्मानियाची आठवण देतो. तिथल्या मूळ रहिवाशांचा गोऱ्यांनी केलेला संहार पाहिल्यावर मंगळवासीयांना दूषणे देण्याचा आपल्याला काय अधिकार, असे तो विचारतो. हे लंडनमध्ये छापले जात होते, त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोल्जर घराघरांत, देवघरांतसुद्धा शिरत होते. आणि २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. वेल्सचे मंगळवासी शेवटी मरतात तेही रोगजंतूंनीच! त्या वर्षीच्या पुणेकराला अशी स्वारी कल्पनेने रचावी लागली नसती.

१९०१ साली वेल्सनेच चंद्राच्या पोटात मुंग्यांसारखा समाज वसवला. पुढे १९२६ पासून अमेरिकेत विज्ञानकथांची स्वस्त मासिके निघाली आणि मुखपृष्ठांवर किड्यांचा बाजार भरला. तिथल्या वाचकांनीच कंटाळून त्यांना ‘बग-आइड मॉन्स्टर’ असे चेष्टेचे नाव दिले. टास्मानिया एव्हाना सारेच विसरले होते.

मराठीत ही जात रुजली नाही. १९०० साली ‘केरळ कोकिळ’ने ज्यूल व्हर्नची चंद्रकथा आणली, तिच्यात राक्षस नव्हते. १९७९ साली जयंत नारळीकरांच्या पहिल्या कथासंग्रहाचे नाव आले ‘यक्षांची देणगी’, आणि पुढे कादंबरीचे ‘प्रेषित’. आकाशातून येणाऱ्याला यक्ष म्हणावे, त्याच्या हाती देणगी द्यावी, हे ज्याच्या घरात एकदा सोल्जर शिरले त्या समाजाला सुचावे, ह्याचे मला मोठे अप्रूप वाटते.

किडा मात्र आपण वेगळ्या कामासाठी राखून ठेवला आहे. उत्तरेकडची नवखी माणसे बोचकी घेऊन फलाटावर उतरली, की ‘आली टोळधाड’ म्हणणारे सद्‌गृहस्थ मी लोकलमध्ये पुष्कळदा ऐकतो. त्यांतले एक विज्ञानकथांचे मोठे दर्दी वाचक आहेत.