चारशे वर्षांपूर्वीचा चौक, बांधला १९५३ साली

युरोप टूरला जाणारी आपली माणसं हल्ली प्राग, बुडापेस्टसोबत पोलंडच्या राजधानीतही, म्हणजे वॉर्सालाही दोन दिवस काढतात. जुन्या शहराच्या चौकात रंगीत घरांपुढं उभं राहून फोटो काढतात आणि खाली लिहितात, "चारशे वर्षांपूर्वीचा युरोप!"

खरं सांगू? त्या चौकातली बहुतेक घरं आपल्या आजोबांपेक्षा वयानं लहान आहेत. तो चौक पुन्हा बांधून लोकांसाठी खुला झाला तो १९५३ साली.

झालं असं. १ ऑगस्ट १९४४ रोजी संध्याकाळी ५ वाजता पोलिश भूमिगत सैन्यानं जर्मनांविरुद्ध उठाव केला. रशियन फौजा जवळ आल्या होत्या, थोडे दिवस तग धरला की झालं, असा हिशोब होता. सप्टेंबरच्या मध्याला त्या फौजा विस्तुला नदीच्या पूर्व काठावर पोचल्याही. पण शहर वाचवेल अशी मदत काही आली नाही. ६३ दिवस झुंज चालली. दीड ते दोन लाख नागरिक मारले गेले असावेत, असा अंदाज आहे.

२ ऑक्टोबरला शरणागती झाली आणि मग खरा सूड सुरू झाला. उरलेल्या लोकांना शहराबाहेर हाकललं आणि जर्मन पथकांनी रस्त्यामागून रस्ता जाळला, सुरुंग लावून उडवला. राजवाडा तर उठाव चालू असतानाच उडवून दिला होता. जानेवारी १९४५ मध्ये जर्मन गेले तेव्हा शहराच्या ऐतिहासिक भागाचा ८५ टक्क्यांहून जास्त हिस्सा ढिगारा झाला होता.

लोक परत आले आणि त्यांनी ते जसंच्या तसं उभं करायला घेतलं. बर्नार्दो बेलोत्तो नावाच्या चित्रकारानं अठराव्या शतकात वॉर्साच्या रस्त्यांची अगदी बारकाव्यानिशी चित्रं काढली होती, ती कामाला आली. वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी युद्धाआधी आणि युद्धातही इमारतींची मोजमापं घेऊन नकाशे केले होते, ते जपले गेले होते. दुसऱ्या शहरांतून विटा आल्या. राजवाड्याचं काम १९७१ ला सुरू झालं, त्यासाठी लोकांनी वर्गणी दिली. १९८० मध्ये युनेस्कोनं या 'नव्या' जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान दिला.

इथपर्यंतची गोष्ट गाईड सांगतो. पुढची आपण विचारायची.

ज्या कम्युनिस्ट राजवटीनं दगडविटा इतक्या प्रेमानं रचल्या, तिनंच उठावात लढलेल्या कितीतरी जणांना तुरुंगात टाकलं. उठावाचं मोठं स्मारक उभं राहायला १९८९ साल उजाडलं. राजवाडा परत आला, पण माणसांची आठवण काढायला ४५ वर्षं थांबावं लागलं.

आणि जुन्या शहरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मुरानुफ आहे. इथं ज्यूंना भिंतीआड कोंडलं होतं, एके काळी ४ लाखांहून जास्त माणसं. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यातल्या अडीच लाखांहून जास्त लोकांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. १९४३ च्या उठावानंतर तो सगळा भाग जमीनदोस्त केला. तो मात्र कुणी पूर्वीसारखा बांधला नाही. ढिगाऱ्यावरच नव्या वसाहती उभ्या राहिल्या, काही इमारती आजही उंचवट्यावर दिसतात. कुणासाठी बांधणार होते? राहणारेच उरले नव्हते.

काय परत उभं करायचं आणि काय तसंच गाडलेलं ठेवायचं, हे त्या त्या वेळचे सत्ताधारी ठरवतात. आपल्याकडच्या गडकोटांबद्दल बोलतानाही हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता आपल्या कोल्हापूरकरांसाठी. याच वॉर्सात मोंते कासिनोच्या स्मारकाजवळ कोल्हापूरच्या नावाचंही एक स्मारक आहे. स्टालिननं हद्दपार केलेले पोलिश लोक, त्यात बायका-मुलंच जास्त, इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यातले सुमारे ५ हजार जण १९४३ ते १९४८ मध्ये वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. ते गेले आणि फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले. तेच आपलं गांधीनगर.

लग्नाचा बस्ता बांधायला आपण गांधीनगरला किती वेळा जातो! दोन वेगवेगळ्या देशांच्या निर्वासितांना एकापाठोपाठ आसरा देणाऱ्या जमिनीवर आपण उभे आहोत, हे आपल्यापैकी किती जणांना कुणी सांगितलंय? वॉर्सानं आपलं नाव दगडात कोरून ठेवलंय. पुढच्या खेपेला कापड घ्यायला जाल तेव्हा सोबतच्या पोरांना एवढी गोष्ट तरी सांगा.