तळटीप : घटसर्पाच्या जिवाणूचे तंतू

* सॉर्टेज : जिवाणूच्या पेशीभित्तीवर प्रथिने सांधणारे विकर. लेखकाने वर्णन केलेले केसांसारखे तंतू (पिलाय) घटसर्पाच्या जिवाणूत हेच विकर बांधते, असे टॉन-दॅट आणि श्नीविंड यांनी २००३ मध्ये दाखवले. प्रत्येक तंतुप्रथिनाच्या शेपटाकडे ल्यूसिन, प्रोलिन, कोणतेही एक अमिनो आम्ल, थ्रिओनिन, ग्लायसिन अशी पाचांची खूण असते. विकरातील सिस्टीन शेवटच्या दोहोंमधला बंध तोडते आणि मोकळे झालेले थ्रिओनिन शेजारच्या प्रथिनातील लायसिनला जोडले जाते. हा बंध सहसंयुज असल्यामुळे तंतू सहजी उसवत नाही.

स्फटिकरचनेने दिलेली खरी मोलाची माहिती याच्या पुढची आहे. तंतू बांधणाऱ्या सॉर्टेजच्या क्रियास्थानावर त्याच्याच साखळीचा एक वेढा झाकणासारखा बसलेला असतो. घटसर्पाच्या विकरातले हे झाकण मुद्दाम सैल केल्यावर परीक्षानळीतही तंतुप्रथिने एकमेकांना जोडली गेली. नुसता जनुकक्रम वाचून हे झाकण कुणालाही दिसले नसते, म्हणून एवढा विस्तार.

अशा रचना क्ष-किरणांच्या विवर्तनातून उलगडतात. मुंबईच्या उपनगरांत हे काम होते : पवईच्या आयआयटीत प्रथिनांच्या स्फटिकांचा अभ्यास चालतो, आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर त्यासाठी स्वतंत्र किरणवाहिनी उभारली आहे.

घटसर्पाची लस मात्र या तंतूंवर बेतलेली नाही. ती जिवाणूच्या विषाविरुद्ध आहे. वाचकांनी या दोहोंची गल्लत करू नये.

— संपादक